निळ्या तारेचे दोन तुकडे

तो निळ्या तारेचा तुकडा ना, मॅडम — टाका डब्यात. जुनं पॅनल उघडलं की असलं काहीबाही निघतंच. तुम्ही तुमचं नवं कार्ड बसवा. बरी सोय झाली हां, कुठलंही टोक इनपुट करा नाहीतर आउटपुट — जुन्या कार्डात ऐकणाऱ्या टोकानं फक्त ऐकायचं, हुकूम देणाऱ्यानं हुकूमच द्यायचा. काय? दुसरा तुकडा सप्लायच्या स्क्रूखाली? असेल. कुणी जोडला म्हणजे — चौदा वर्षं माझ्याशिवाय या पॅनलला हात कोण लावतंय?

बरं, ऐका. पहिला तुकडा ज्या टोकाला होता ते पत्रा दाबायच्या प्रेसच्या दाराच्या स्विचचं. दार उघडलं की प्रेस थांबावी, एवढंच त्याचं काम. पण स्विच ढिला झालेला, दार बंद असूनही प्रेस पाळीत वीस-वीस वेळा थांबायची, आणि सुपरवायझर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायचा. मग टाकली सप्लायवरून सरळ तार — दार उघडं असो की मिटलेलं, कार्डाला मिटलेलंच वाटणार. एका दिवसापुरती हो. नवा स्विच येईपर्यंत. स्विच आलाही, माझ्याच खणात पडून राहिला. प्रेस धडाधड चालतेय, सगळे खूश, कशाला हात लावा —

नाही, कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेटरलाही नाही. ऑपरेटर आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, मीच त्यांना इथे चिकटवलेलं. पत्रा अडकला, त्यांनी दार उघडलं, हात घातला — प्रेस थांबणार हे गृहीतच ना. चार बोटं गेली. आणि मी कुठे होतो? लोक त्यांना उचलून नेत होते, मी पक्कड घेऊन इथे. स्क्रू सोडवायला वेळ कुठला, मधोमध कापली तार. स्विच बदलला. चौकशीत साहेबांनी दार उघडून पाहिलं, प्रेस थांबली. म्हणाले, यानं दाराखालच्या फटीतून हात घातला असणार. दाजींची नोकरी गेली. दाजी अजून सांगतात, दार उघडलं होतं. कुणी ऐकत नाही. बहीणसुद्धा म्हणते, एवढं खोटं कशाला बोलावं माणसानं. आणि मी मान डोलावतो, मॅडम. तिच्याच हातचं जेवतो आणि मान डोलावतो.

पिशवीत का ठेवताय तुकडे? द्या इकडे. द्या म्हणतो ना — — बरं. ठेवा. रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते लिहा, साहेबांना दाखवा. पण ताईला तुमच्या कागदावरून कळायला नको. थांबा, नंबर सापडेना — हां, लागला. जा तुम्ही आता. जा म्हटलं ना. — हॅलो, ताई. नाही गं, काही झालं नाही. दाजींना दे जरा.