मागच्या सीटवर बसलेल्यांनो

मंडळी, शिरूरकडून, दौंडकडून, हातातली कामं टाकून तुम्ही आलात. पुढं सरका, मागच्यांना जागा होईल. मला बोलायला उभं केलंय, कारण शेतकरी संघाच्या कचेरीत इब्राहिमभाईंबरोबर सर्वांत जास्त वर्षं मी काढली. बोलणं जमेल का, ठाऊक नाही. कालपासून चार कागद लिहिले आणि फाडले. प्रत्येकात मीच बरा माणूस ठरत होतो.

इब्राहिमभाई शेताशेतांतून मातीचे नमुने गोळा करायचे. त्यासाठी संघानं दिलेली मोटारसायकल लष्कराच्या लिलावातली, कुणा उंच सोजिराच्या मापाची. इब्राहिमभाई जेमतेम पाच फूट. हँडल धरायला त्यांना टाकीवर ओणवं व्हावं लागे. आणि रस्त्यात कुणी चालताना दिसला की गाडी थांबायची. "बसा आबा, चालत कवा पोचायचं?" मग सीटवर बांधलेली मातीची झोळी सुटायची आणि यांच्या गळ्यात यायची.

इथल्या किती जणांनी त्या सीटवर बसून प्रवास केलाय? हात वर करू नका. मीही केलाय.

निमोण्याचे संपतआबा समोर आहेत. आबा, तुम्हीच ना म्हणायचा, "इब्राहिमभाई, टाकीला कान लावून काय ऐकताय?" आणि ते म्हणायचे, "गाडी म्हंती, आबाला उतरव!" सगळे हसायचे. मीही हसायचो. दुखऱ्या कंबरेला पटका आवळून गाडी चालवणारा माणूस, आणि आम्ही हसायचो.

गेल्या सुगीत ते अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आले. उभ्यानंच बोलले. बसलं की उठवत नसे. म्हणाले, "भाऊसाहेब, हँडल वाईच मागं घ्यायचं हाय. मिस्त्री म्हंतो, दोन बोल्टचं काम. पायाला मुंग्या येत्यात. ब्रेकवर पाय हाय का न्हाई, त्येच कळत न्हाई."

मी काय म्हणालो? म्हणालो, गाडी संघाची आहे. बदल करायचा तर डॉक्टरचा दाखला जोडा.

नियम तसाच होता. नियम तसाच होता, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं!

आठवड्यानं त्यांनी अर्ज परत मागितला. "ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब. आता बरं हाय." त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिलं, 'इब्राहिमभाईंची पाठ बरी झाली.' शाई वाळायच्या आत वही मिटली. तपासायला नको होतं का मी? कशी बरी झाली, कुठं बरी झाली?

खरं काय ते परवा त्यांच्या धाकट्या भावानं, सलीमभाईंनी सांगितलं. इब्राहिमभाई दौंडला डॉक्टरांकडं गेले होते. डॉक्टर म्हणाले, "दाखला देतो, पण खरा देईन. मणका दबलाय, गाडी चालवायची नाही." तो कागद माझ्या टेबलावर आला असता, तर हँडल मागं आलं नसतं, इब्राहिमभाईच गाडीवरून उतरले असते. त्यांचं कामच गाडीवरचं. म्हणून दाखला आणलाच नाही. आणि पुन्हा ओणवे झाले.

दहा दिवसांपूर्वी कवठे येमाईच्या उतारावर, मोरीपाशी, गाडी थांबली नाही. मागं कुणी बसलेलं नव्हतं. झोळी तरीही गळ्यातच होती. इतकी सवय!

पाठीमुळंच झालं का? पाय वेळेवर पडला नाही का? मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून मी सुटलो, असंही वाटत नाही.

गाडी दुरुस्त होऊन बाहेर उभी आहे. सोमवारपासून नवा माणूस तिच्यावर बसेल. तोही बुटकाच आहे. काल मी कुणाला न विचारता मिस्त्रींना सांगितलं, हँडल मागं घ्या. पाव तास लागला. मी घड्याळ धरून उभा होतो. पाव तास, मंडळी.

सलीमभाई, तुमच्यापुढं मान वर करून बोलायचं मला धाडस नाही. तरी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, ते सांगितलं.

आता इब्राहिमभाईंसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. ज्याची पाठ दुखत असेल, त्यानं खुशाल बसून राहावं. दाखला कुणी मागणार नाही.