बाग कुठे संपते

(बागेच्या कचेरीमागची खोली. टेबलावर त्या जुन्या बागेचा उठावाचा नकाशा, बोटांनी वाचायचा, अजून कच्चा. काकूंना जन्मापासून दिसत नाही. नकाशा पक्का होण्याआधी तपासायला त्यांना बोलावलंय. काका त्यांचे यजमान. नकाशाकार तरुण आहे, आणि त्याची नजर काकूंच्या बोटांवरून हलत नाही.)

काकू: मग हा पुढचा भाग कुठल्या बागेचा?

नकाशाकार: याच बागेचा, मॅडम.

काकू: मॅडम नको. काकू म्हणा. आणि याच बागेचा म्हणजे काय? माझं बोट आत्ता कारंज्यावर आहे ना?

नकाशाकार: हो. तो गोल उंचवटा म्हणजे कारंजं.

काकू: मग झालं की. कारंज्यापाशी बाग संपते. तुमची आपली पुढे चाललीच आहे.

नकाशाकार: कारंज्यामागे पायऱ्या आहेत, काकू. त्या आडव्या रेघा लागतायत ना, त्या. पायऱ्या उतरलं की खालची बाग.

काकू: खालची बाग. बरं. आणि या लाटा?

नकाशाकार: तळं. पाणी असेल तिथे आम्ही लाटा काढतो.

काकू: अहो, ऐकताय ना? यांनी बागेला तळं बांधून दिलंय.

काका: ऐकतोय.

काकू: हे बघा, लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी इथे येतेय. दर रविवारी, न चुकता. तुम्ही हा नकाशा कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलाय, खरं सांगा. कधीकाळी असेल तळं, बुजवलं असेल.

नकाशाकार: परवाच काठाने फिरून आलो. चपला भिजल्या माझ्या.

काकू: चपला नळाखालीही भिजतात. रागावू नका हं. मला डोळस माणसांचा अनुभव आहे. एका बड्या इमारतीत लिफ्टच्या बटणांना ब्रेल लावलं आणि हौसेनं मला दाखवायला बोलावलं. अख्खी पट्टी उलटी चिकटवलेली. तसं सांगितलं, तर म्हणतात कसे, दिसायला तर छान दिसतंय.

नकाशाकार: म्हणून तर तुम्हाला बोलावलं. चूक असेल तर मी सगळं मोडून परत करीन. पण ही चूक नाही.

काकू: चूक नाही, मग मुद्दाम केलंय.

नकाशाकार: मुद्दाम कशाला करू?

काकू: ते तुम्हाला ठाऊक. कचेरीतल्या कुणी सांगितलं असेल, बाग ऐसपैस दाखवा, उद्घाटनाला पाहुणे यायचेत. आमच्या डोळ्यांत धूळ टाकायची सोय नाही, म्हणून बोटांखाली तळं टाकलं.

नकाशाकार: काकू, मला तसं कुणीही काही सांगितलेलं नाही. म्हणजे, कचेरीतल्या कुणी नाही.

काकू: हे बरं बोललात. थांबा जरा. मी हो म्हटलं की हा नकाशा कायमचा फाटकाशी बसणार. उद्या माझ्यासारखी एखादी पोर येईल, बरोबर कुणी नसेल. ती याच्यावर विसंबून निघेल आणि कारंज्यामागच्या भिंतीवर तोंड फोडून घेईल. आणि या नकाशाला हो म्हणणारी मी असेन. तेव्हा मी काही इतक्यात हो म्हणत नाही.

काका: अगं, केवढा कीस काढतेस. त्यांना तेवढा तुकडा काढून टाकू दे. तसंही खाली जातंय कोण?

काकू: खाली?

काका: म्हणजे हे म्हणतायत ते, खाली.

नकाशाकार: काका, तुम्ही मघाशी बाहेरही असंच म्हणालात.

काकू: बाहेर काय म्हणाले?

काका: काही नाही गं. सहज आपलं, बोलण्यात.

नकाशाकार: तुम्ही हात धुवायला गेला होतात तेव्हा. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलं असेल. म्हणाले, कारंज्यापर्यंतच ठेवा, पुढचं सगळं गाळा, बोटांना गर्दी होते. मी म्हटलं, खालची बाग मूळची, वरचं सगळं मागाहून झालेलं. तीच गाळली तर नकाशा उरतो कशाचा?

काकू: बोटांना गर्दी होते.

नकाशाकार: हो, हेच शब्द.

काकू: हे शब्द माझे आहेत. काल जेवताना मी म्हटलं होतं, नकाशात फार भरलं की बोटांना गर्दी होते. अहो, तुम्ही माझंच वाक्य घेऊन माझ्याच माघारी गेलात?

काका: तुझ्याच सोयीसाठी ना.

काकू: कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते तळ्याचं नाही. तुम्ही जरा गप्प बसा, मी यांना विचारते. काय हो, कारंज्याशी उभं राहिलं की खालून मुलांचा गलका येतो. तो कुठला?

नकाशाकार: तळ्याकाठचा. मुलं कागदाच्या होड्या सोडतात तिथे.

काकू: तिथे शाळा नाही?

नकाशाकार: शाळा? नाही. आसपासही नाही.

काकू: मी एकदा यांना विचारलं होतं, रविवारची शाळा कशी भरते म्हणून. काय म्हणाला होतात हो?

काका: आता काय आठवणार ते.

काकू: मला आठवतंय. शिकवणी आहे म्हणालात. आणि ओल्या मातीचा वास यायचा, तेव्हा माळ्यानं आत्ताच पाणी घातलेलं असायचं. दर रविवारी तो माळी मेला आत्ताच पाणी घालून गेलेला असायचा.

काका: बरं, आहे. आहे खाली बाग. झालं समाधान?

काकू: नाही झालं.

काका: लोकांसमोर कशाला?

काकू: लोकांसमोरच. या मुलाला मी आत्ता खोटारडा म्हटलं, तुमच्यापायी. त्यालाही कळू दे.

काका: आपण पहिल्यांदा आलो इथे, तेव्हा तू माझा हात धरला नव्हतास. काठी आपटत पुढे पुढे चाललेली. मी आपला मागून धापा टाकत. तू कारंज्याला वळसा घातलास आणि थेट पायऱ्यांकडे निघालीस. तेव्हा कठडा नव्हता तिथे. तोंडातून निघून गेलं, थांब, बाग संपली.

काकू: पायऱ्या आहेत म्हणाला असतात, तरी थांबले असते.

काका: थांबली असतीस आणि मग उतरली असतीस.

काकू: हो. उतरले असते.

काका: तेच. मग पुढच्या रविवारी कुठल्या तोंडानं सांगू, बाग परत उगवली म्हणून? एकदा संपली म्हटल्यावर संपवूनच ठेवावी लागली. मग शाळा काढली, शिकवणी काढली, तो माळी आणला.

काकू: आता कठडा आहे तिथे?

नकाशाकार: आहे की. चांगला भक्कम आहे. गंज चढलाय म्हणजे बरीच वर्षं झाली असतील.

काकू: अहो, कठडा बसवला ते तुम्हाला दिसलं नाही?

काका: दिसलं.

काकू: मग?

काका: मग काय. तोवर तू माझा हात धरायला लागली होतीस. कारंज्याशी थांबायचीस आणि विचारायचीस, पुढे काय आहे हो? मी म्हणायचो, काही नाही, चल. आणि तू वळायचीस. मला बरं वाटायचं. उगाच कशाला लपवू, फार बरं वाटायचं. ऑफिसात मला कुणी पान खायलाही विचारत नव्हतं, आणि इथे माझ्या शब्दावर एक माणूस वळतंय.

काकू: माणूस नाही. मी.

काका: तू. आता हा नकाशा बसला की तू एकटी येशील. मला ठाऊक आहे तुझा स्वभाव. मग रविवारी मी काय करायचं?

काकू: ते मला आत्ता विचारू नका. मी फार चिडलेय.

नकाशाकार: मी थोडा वेळ बाहेर थांबतो.

काकू: बसा तिथेच. तुमचं काम राहिलंय अजून. या पायऱ्यांच्या रेघा फार बारीक झाल्यात, नखाला लागतात, बोटाला लागत नाहीत. जाड करा. आणि कठडा दाखवा, वरपासून खालपर्यंत सलग. हातानं धरायची वस्तू आहे ती, नकाशात नाही म्हणजे काय?

नकाशाकार: करतो. म्हणजे खालची बाग ठेवू ना?

काकू: ठेवू का म्हणून काय विचारता? आहे ना ती?

नकाशाकार: आहे.

काकू: मग माझा होकार आहे. मघाशी तुम्हाला वाटेल ते बोलले, ते मनात ठेवू नका.

नकाशाकार: नाही, काकू. तुमच्या जागी मीही कुणावर विश्वास ठेवला नसता.

काकू: माझी जागा कुठली, तेच तर आज कळतंय मला. अहो.

काका: हं.

काकू: या बागेसारखं आणखी काय काय संपलंय म्हणून सांगितलंयत मला?

काका: घरी चल. घरी सांगतो.

काकू: घरी तुम्ही सारवासारव कराल. इथेच सांगा.

काका: आणखी काही नाही गं. खरंच काही नाही.

काकू: अहो.

काका: गच्ची.

काकू: गच्चीचं काय? मालकांनी कुलूप घातलंय ना आपल्या गच्चीला?

काका: कुलूप नाही. कधीच नव्हतं.