पास्त्याचा नैवेद्य

मी किती कमी बोलते हे तुम्हाला माहीतच आहे, पण पास्ता केला त्या दिवशी मला तोंड उघडावंच लागलं.

लग्नाला थोडेच दिवस झाले होते. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात माझं काम म्हणजे निवडणं आणि चिरणं. त्यांना सर्दी झाली, तशी मी धीर करून म्हटलं, ‘‘आई, आज एक पदार्थ मी करू?’’

पास्त्याचं पाकीट बघून त्या म्हणाल्या, ‘‘या नळ्या तळायच्या ना?’’

‘‘नाही, उकडायच्या.’’

‘‘बरं,’’ त्या अशा सुरात म्हणाल्या, की मला त्या नळ्यांचीच दया आली.

तेलात भरपूर लसूण, त्यावर पालक, मग पास्ता. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला नवरा दारातूनच म्हणाला, ‘‘वास भारी येतोय.’’ सासूबाईंचं नाक मात्र बंद. त्यांनी वाटी भरली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि देवघराकडे निघाल्या. सुनेच्या हातचा पहिला पदार्थ आधी देवाला, ही त्यांच्या घरची रीत.

गप्प राहिले तर देवाला लसूण, बोलले तर माझा पहिलाच पदार्थ बाद.

‘‘आई, त्यात लसूण आहे.’’

त्या थांबल्या. ‘‘किती?’’

‘‘अख्खा गड्डा.’’

नवरा टॉवेलात तोंड खुपसून हसत होता. सासूबाईंनी तुळस बाजूला केली, उभ्याउभ्याच एक नळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. मी ओटा धरून उभी.

‘‘लसणात टाकायच्या आधी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘देवापुरत्या वेगळ्या काढत जा.’’

आणि दुसरी नळी उचलली.