साताऱ्यातली दुपारची झोप

जळणं म्हणजे काय असतं, ते मला साताऱ्यात कळलं. करी रोडच्या आमच्या चाळीतला सचिन तिकडे नोकरी धरून गेला, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "महिन्याभरात परत येशील बघ." वर्ष झालं तरी पठ्ठ्या आला नाही, म्हणून आम्ही नवरा-बायकोच त्याला भेटायला गेलो. दुपारी एकला साहेब ऑफिसातून घरी जेवायला हजर! आणि जेवून चक्क आडवा झाला. माझ्या पोटात नुसती आग. मी विचारलं, "खरं सांग, इथे कंटाळा येत नाही तुला?"

"येतो ना रे," तो जांभई देत म्हणाला, "मुंबईत त्यालाही वेळ नव्हता."

मी काही बोलायच्या आत बायकोनेच त्याला विचारलं, "सचिनभावोजी, तुमच्या ऑफिसात यांच्यासाठी जागा आहे का हो?"