पुढची दोन्ही चाके काढून ठेवल्याबाबत

नाव वर नोंदल्याप्रमाणे. वस्तीत मला मिस्त्रीणबाई म्हणतात. वय सत्तावन्न, विधवा. धंदा गाड्यांचे सुटे भाग विकणे. शिक्षण चौथीपर्यंत, पुढचे वाचन घरच्या घरी. राहणार पतीच्या गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

मी आज ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, माझ्याविरुद्ध तक्रार देणारे गृहस्थ माझे जावई आहेत. तक्रारीतली फोर बाय फोर गाडी माझ्या मयत पतीची होती. त्यांच्यामागे ती मुलगी आणि जावई वापरतात. डोंगरावरच्या कॅम्पला पाहुणे नेण्याआणण्याचा त्यांचा धंदा आहे. माझी मुलगी कॅम्पवर स्वयंपाक करते, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती गाडीत असते. वरचा रस्ता कच्चा आहे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही.

त्या रस्त्यावर गाडीचे पोट दगडांना घासायचे, म्हणून माझ्या पतीने गेल्या वर्षी गाडी तीन इंच उचलली. उंच स्प्रिंग आणि लांब शॉकअब्सॉर्बर घातले. त्या वेळी त्यांचे उपचार चालू होते. गाडी उचलली की पुढचा आडवा दांडा जास्त तिरका होतो. या दांड्याचे एक टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आणि दुसरे चाकांमधल्या एक्सलला असते, आणि त्याच्यामुळे एक्सल आपल्या जागी राहतो. दांडा पुन्हा सरळ यावा म्हणून पतीने एक्सलवर उंच ब्रॅकेट बसवले आणि बोल्टसाठी नवीन भोक पाडले. ड्रिल मी चालवते म्हटले, तर म्हणाले, "तू दिवा धर." मी दिवा धरला. त्यानंतर त्यांनी दुसरी कुठली गाडी हातात घेतली नाही.

काही महिन्यांनी गाडी त्रास देऊ लागली. वेगात असताना खड्डा लागला की पुढची चाके थडथडा नाचायची, स्टिअरिंग हातातून सुटू बघायचे आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते बंद व्हायचे नाही. जावयांनी चाकांचे बॅलन्सिंग केले. अलाइनमेंट केले. टायर बदलले. शेवटी बाहेरच्या गॅरेजमधून स्टिअरिंगला हादरे दाबणारा नवीन डँपर बसवून आणला. त्याने थडथड बरीच कमी झाली. जावई मला म्हणाले, "बघा आई, झाली की नाही सुतासारखी सरळ?" मी म्हटले, "जावईबापू, ताप उतरला नाही, तुम्ही थर्मामीटर फोडलाय." ते हसले. मीही हसले. तेव्हा मला बिघाड नक्की कुठे आहे ते माहीत नव्हते.

काल मी त्याच गाडीतून बाजारात गेले. वळणावर माझ्या पायाखाली ठक्क असा आवाज आला. उलट वळल्यावर पुन्हा आला. स्प्रिंगचा आवाज तसा नसतो.

आज सकाळी जावई डिझेलचे कॅन आणायला गेले असताना मी मुलीला स्टिअरिंगवर बसवले. गाडी जमिनीवरच, इंजिन चालू. मी खाली गोधडी टाकून आडवी झाले आणि तिला स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे फिरवायला सांगितले. दांड्याच्या वरच्या टोकाला बोट लावले, तिथे हालचाल नव्हती. खालच्या टोकाला लावले. एक्सल हलण्याआधी बोल्ट भोकात सरकत होता. इंजिन बंद करून बोल्ट काढला. भोक अंड्यासारखे लांबट झाले होते. बोल्टभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. ती झिजून कागदासारखी झाली होती. पतीनंतर त्या बोल्टला कोणी हात लावलेला नव्हता.

पट्टी कशासाठी असते असे हवालदारांनी विचारले. भोक मोठे पडले की चांगला कारागीर ते वेल्डने भरून पुन्हा पाडतो. ज्याला जमत नाही तो पट्टी घालतो. माझे पती असे काम करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी गॅरेजबाहेर काढत.

मी मुलीला म्हटले, "खाली ये, बघ."

ती म्हणाली, "बाबांनी केलंय ते."

"म्हणूनच म्हणते, बघ."

"मला नाही बघायचं. आई, अख्ख्या गावाच्या गाड्या बाबांनी नीट केल्या, आणि घरचीच चुकवली होय? तुला काय, बोलायला आता ते नाहीत." असे म्हणून ती आत निघून गेली.

उद्या सकाळी सहा पाहुणे वर न्यायचे ठरले होते. बोल्ट नुसता काढून ठेवला असता, तर कोणीही दुसरा घालून गाडी नेली असती. म्हणून मी बोल्ट पट्टीसकट होता तसा परत बसवला, जॅक लावला, पुढे टेकूला दोन लोखंडी घोड्या दिल्या आणि दोन्ही चाके काढून लपवली. हे मी कबूल करते. यात कोणाची मदत घेतली नाही.

जावई परत आले. म्हणाले, "आई, चाकं कुठंयत?"

"सुखरूप आहेत."

"अहो, पाहुणे काय पाठीवर घेऊन जाऊ?"

"न्या. पाठ अजून मजबूत आहे तुमची."

त्यावर ते फार चिडले. सासरे गेल्यापासून यांचे डोके ठिकाणावर नाही, यांना गाडी दारातून हलू द्यायची नाही, असे ते शेजाऱ्यांसमोर म्हणाले. ते खरे नाही. गाडी उद्या भंगारात गेली तरी माझी हरकत नाही. ते वाईट माणूस नाहीत. धंद्याचे दिवस आहेत आणि ते घाबरलेले आहेत.

ठाण्यात आम्ही तिघेही आलो. हवालदार म्हणाले, "मिस्त्रीणबाई, चाकं कुठं आहेत सांगा, समज देऊन मिटवतो. घरचं भांडण आहे." मी नाही म्हटले. मग म्हणाले, "बरं, गाडीत बिघाड असल्याचा तुमचा संशय आहे, असं लिहितो." मी म्हटले, "संशय लिहू नका. संशयावर कोणी गाडी थांबवत नाही. ते भोक माझ्या नवऱ्याने पाडले, ते चुकले, हे त्यांना कळले होते आणि त्यांनी पट्टी घालून ते झाकले. असे लिहा."

हे ऐकून माझी मुलगी बाकावरून उठली आणि बाहेर गेली. गॅरेज इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. हवालदारांनी जावयांना बसवून ठेवले आणि चहा मागवला. मी घेतला नाही.

चहाचे पेले परत जाण्याच्या आत मुलगी आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. मुठीत पट्टीचा तुकडा होता, तो तिने टेबलावर ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही. नवऱ्याला म्हणाली, "पाहुण्यांना फोन करा. दुसरी गाडी बघा म्हणावं." जावई म्हणाले, "अगं, पण..." ती म्हणाली, "मी त्या गाडीत बसणार नाही. तुम्हालाही बसू देणार नाही." जावयांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला. मग फोन करायला बाहेर गेले.

चाके माझ्या खोलीत कॉटखाली आहेत. नट तांदळाच्या डब्यात आहेत. ब्रॅकेट नवीन बसल्यावर मी ती स्वतः लावून देईन. जावयांनी तक्रार चालवायची ठरवली, तर त्यालाही माझी तयारी आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. एका ठिकाणी "पतीच्या निष्काळजीपणामुळे" असे लिहिले होते. तो शब्द मी खोडायला लावला आणि शेजारी सही केली. माझे पती निष्काळजी नव्हते. त्यांचा हात थरथरत होता. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.