अनसाबाईच्या दगडाचा देव

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एक सांगा — एखाद्याला देव मानलं, की त्याचं भलंच होतं का? माना हलल्या! पुढच्या रांगेतले काका तर डुलकीतच हो म्हणाले. बरं, मग ऐका.

एका शहरात एक कालवा. कालव्याकाठी परटांचा घाट, आणि घाटावर अनसूयाबाई राऊत — सगळ्यांची अनसाबाई. चाळीस वर्षं एकाच दगडावर कपडे आपटले, दोन लेकींची लग्नं केली. दगड काय झिजला नाही, बाईच झिजली!

आणि काठाची सुधारणा आली. दातार नावाचे आर्किटेक्ट नकाशा घेऊन हजर — खाली दुकानं, वर घरं, पाण्याकडेनं फिरायला रस्ता. माणूस भला, नकाशा देखणा. पण घाटाच्या जागी सरळ भिंत! पाणी बघायचं, हात लावायचा नाही. परटांना धुलाईयंत्रांची एक खोली मिळणार, तीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

अनसाबाईनं नकाशा पाहिला. दगड गेला तर खायचं काय? मोजणीवाले दुपारी जेवायला गेले, आणि बाईनं काय केलं? आपल्याकडे जे हमखास चालतं तेच — तेलात शेंदूर कालवला आणि दगडाला फासला!

संध्याकाळपर्यंत हार आला. दुसऱ्या दिवशी नारळ. आठवड्यात नवस! दातारांनी मुकाट्यानं नकाशातली भिंत वळवली. दगड वाचला हो! अनसाबाई खुशीत गाठोडं घेऊन घाटावर आली, चादर उचलली — आणि शेजारची पारूबाई आडवी आली. म्हणे, देवावर लोकांची मळकी चादर आपटतेस? लाज नाही वाटत?

घ्या! दगड राहिला, धंदा बसला. चाळीस वर्षं हाताखाली असलेल्या दगडाला आता बाई लांबून हात जोडते आणि घरी जाऊन रडते. सांगावं तर लोक काय म्हणतील? गप्प राहावं तर चूल पेटायची कशी?

मग काठावर मांडव घालून सभा भरली. दातार म्हणाले, देवाला संगमरवरी चौथरा करू, भोवती कठडा लावू. टाळ्या! आणि टाळ्यांत अनसाबाई उठली.

"साहेब, तो देव न्हाई. माझा धुण्याचा दगड हाय. शेंदूर मीच फासला."

पारूबाई म्हणाली, "आक्के, मी नवस बोलले गं त्याला."

"मग माझ्याकडं कपडे दे धुवायला. त्यालाबी बरं वाटंल."

मांडव हसला, पारूबाईसुद्धा हसली. दातारांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "नकाशा दाखवला तेव्हाच का नाही बोललात?"

"दावलात साहेब. इचारलंत कुठं?"

वाह! मंडळी, एवढं शिकलेला माणूस, पण मान खाली घालून म्हणाला, आता विचारतो. आणि बाईमागोमाग घाट उतरला. पाणी सोडल्यावर कुठवर चढतं, पायरी केवढी हवी, वाळत घालायला ऊन कुठं येतं — बाई सांगत गेली, तो नकाशावर लिहीत गेला.

आज जाऊन बघा! वर दुकानं, खिडक्यांत दिवे, रस्त्यावर फिरणारी माणसं — आणि खाली पायऱ्यांवर परीट. वरच्या हॉटेलातली टेबलांवरची कापडं खाली अनसाबाईकडेच येतात. पण पहिल्या दिवशी कामाला बसण्याआधी तिनं दगडाला हात जोडले, म्हणाली, "देवा, ऊठ बाबा, मला कामाला बसू दे." सोडा टाकला, काथ्यानं घासला, शेंदूर उतरवला आणि पहिली चादर आपटली. आनंदानं डोळे भरले तिचे.

हसलात? आता घरी चला. म्हातारी आई कोपऱ्यात बसलीय. सकाळी तिच्या पाया पडता, चारचौघांत म्हणता, आमची आई म्हणजे देव! पण घराला रंग कोणता द्यायचा, नातीचं नाव काय ठेवायचं, आज भाजी कोणती करायची — शेवटचं कधी विचारलंत तिला? आज नमस्कार राहू द्या. जाऊन विचारा.