डॉल्फिनला हात लावायचा न्हाय!

...अवो पण मी म्हणतो, ज्या गड्यानं आख्खी हयात म्हशी बाळंत करण्यात घालवली, त्येला ‘हात लावायचा न्हाय’ म्हणायचं? आन् म्हणणारी कोण, तर लेकीच्या वयाची वनरक्षक पोरगी! तुमास्नी सांगतो, आमचं कळंब्याचं हंबीरराव, वीस म्हशींचा धनी, बायकोला, म्हंजे चिमणाबाईस्नी घेऊन कोकणात फिराय गेलतं. गाडीतनं उतरत्यात न उतरत्यात तोवर वाळूवर ही गर्दी! मधी पडलंय काय? डॉल्फिन! जित्तं! बसलेल्या म्हशीएवढं धूड! आन् लोकं काय करत्यात? सेल्फी! एका भाद्दरानं तर त्येच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढला... काय म्हणावं ह्या माणसांस्नी!

हंबीररावांनी विजार वर खोचली. शेपूट धरायचं, वढायचं, पाण्यात सोडायचं, विषय संपला! तेवढ्यात त्या वनरक्षक पोरीची शिट्टी. “ओ काका! हात लावायचा नाही!”

“का? मराय लागलंय की ते!”

“शेपटीला धरून ओढलं तर मणका मोडेल. आणि डोक्यावरच्या त्या भोकात पाणी गेलं तर गुदमरेल. नाक आहे ते!”

नाक? डोक्यावर? माशाला?

“मासा नाही हो! सस्तन प्राणी. मादी आहे ही, पिल्लाला दूध पाजते.”

दूध!! हंबीरराव मटकन वाळूत बसलं की! खाऱ्या पाण्यात राहून दूध? लगीच विचारलं, “फॅट किती लागती?”

“म्हशीच्या दुप्पट-तिप्पट तरी असेल.”

तिप्पट! गडी गार!

वनरक्षक शिवानी म्हणाली, “वाघाला जो कायदा, तोच हिला. त्रास दिला तर तुरुंग.” आता तुरुंग म्हंजे काय, हे कळंब्याच्या माणसाला सांगाय लागतंय व्हय? कळंबा जेल त्येंच्या दारातच हाय की! “डॉक्टर निघालेत. तोवर ओलं फडकं, सावली, गर्दी लांब. आणि श्वास मोजून ह्या कागदावर लिहायचे. बाकी हात लावायचा नाही!”

हंबीररावांनी डोक्याचा फेटा सोडला, भिजवला, तेवढं नाक सोडून अलगद पांघरला. चिमणाबाईनं आन् किनाऱ्यावरच्या एका लॉजवाल्या बाईनं चादर ताणून सावली धरली. मग हंबीरराव वळलं गर्दीकडं... “ए पावणं! मागं सरा! तुमची आय आशी पडली आसती, तर फोटो काढला आसता व्हय?”

आख्खी गर्दी धा पावलं मागं!

मग हा गडी वाळूत पालथा पडून श्वास मोजतोय. फुस्स... एक. फुस्स... दोन. कागद भरत आला. आन् एकदा... फुस्स येईचना!  हंबीररावांचा हात आपसूक म्होरं गेला, अन् त्येंनीच त्यो मागं वढला. हात लावायचा न्हाय... हात लावायचा न्हाय... डोळ्यांत पाणी! आन् फुस्स! सगळा फवारा तोंडावर! तोंड न पुसता गड्यानं आधी कागदावर रेघ वढली.

तीन तासांनी डॉक्टर आलं. तपासलं, खाली ताडपत्री सरकवली, म्हणालं, “उचलायचंय. धरा काका!”

“धरू? कायद्यात बसतंय न्हवं?”

धरलं की! आठ माणसं, छातीभर पाणी. अंग कसं, तर वासराच्या नाकागत गार, गुळगुळीत. ताडपत्री सोडली. घटकाभर ते तिथंच तरंगलं... मग शेपूट हाललं, एक फुस्स, आन् गेलं! परत किनाऱ्याला लागतंय का, ह्येच्यावर सांजंपर्यंत पाळत ठेवली शिवानीनं. न्हाय आलं.

हितं कळंब्यात आल्यावर हंबीररावांच्या भोवती गल्ली गोळा. ह्यो गडी नाक कुठं, दूध कसं, कलम कुठलं, सगळं हात नाचवून सांगतोय. तेवढ्यात शेजारच्या मीनाबाईनं चिमणाबाईस्नी इचारलं, “व्हय वो, समुद्र कसा हाय?”

चिमणाबाई म्हणाल्या, “काय की बाई! तीन तास त्येच्याकडं पाठ करून चादर धरली, डॉल्फिन सोडलं तवा बी म्होरं निस्ती गर्दी... पाठीला गार लागतोय, एवढं खरं!”